उजवीकडची चमकी

ललितानं कागदाची दोन टोकं चिमटीत धरली आणि हळूहळू वर ओढायला सुरुवात केली. शाई चिकट होती. कागद लिनोच्या रबरासारख्या कोरीव पट्टीवरून सुटताना चरचर आवाज करत होता. आधी हनुवटी आली, मग ओठ, मग नाक. भुवईपर्यंत येईतो शेजारची आचल उठून उभीच राहिली.

"मॅडम, आजी हुबेहूब आल्या!" ती म्हणाली. मग समोर ठेवलेल्या फोटोकडे पाहत तिनं मान तिरपी केली. "पण नाकातली चमकी उजवीकडे काहून गेली?"

झालं! आठ दिवसांच्या मेहनतीचे बारा वाजले.

अमरावतीच्या एका शाळेत ठसेकामाचं उन्हाळी शिबिर सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी शाहनवाज सरांनी बजावलं होतं, की ठशात डावं ते उजवं होतं, म्हणून चित्र लिनोवर उलटं काढायचं. रोज सकाळी अकोल्याहून गाडीनं येणारा हा पोरगेला माणूस ते वाक्य दिवसातून चारदा म्हणायचा. सगळी कॉलेजची पोरं उलटं काढायला शिकली. चुकली कोण? तर बावीस वर्षं नांदगाव खंडेश्वरला मुलांना 'प्रश्न नीट वाचा रे' म्हणून ओरडणारी मास्तरीण. मायच्या डाव्या भुवईवरची लहानपणची खोक जिथल्या तिथं यावी, या धास्तीनं तिनं फोटो शेजारी ठेवून जशाचा तसा कोरला होता.

आचलला हसू आलं. ललितालाही आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

"अरे मॅडम, रडताय काय? एवढा साफ ठसा कोणाचा आला नाही," शाहनवाज सर जवळ येऊन म्हणाले.

"सर, आज शेवटचा दिवस आहे. आणि मला हा माझ्यासाठी नको होता."

मग तिनं सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात मायचं नागपूरला हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर धीर देत होते, पण वय त्र्याहत्तर. बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. कोणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केला, तर खांद्यावर परक्या माणसाची चार बोटं राहिली. ती बोटं अजून भिंतीवर आहेत. मायचं तसं होऊ नये एवढंच तिला वाटत होतं. पण मायला स्वतःचा एकही फोटो पसंत नाही. दवाखान्याच्या कार्डावरचासुद्धा तिनं पेनानं गिरमटून टाकला.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, हे मी नाई. याच्यात मह्यं तोंड वाकडं येते. हा लावशीन त भिंतीवरून उतरून येईन."

सर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, एक कोरा कागद घेतला आणि तिच्या ओल्या ठशावर पालथा घातला. "घासा," म्हणाले. ललितानं घरून आणलेल्या वरणाच्या डावाच्या पाठीनं सगळा कागद घासून काढला. उचलला, तर दुसरी माय निघाली; जरा फिकट, पण चमकी डावीकडे, खोक डावीकडे. अगदी फोटोतल्यासारखी.

"उलट्याचं पुन्हा उलटं," सर म्हणाले. "घ्या, झालं सरळ. पहिलाही न्या. चुकलेला असला तरी तुमचा पहिला ठसा आहे तो."

घरी आली तेव्हा माय, म्हणजे गोदाबाई, कुलरसमोर बाजेवर बसून मटकी निवडत होत्या. ललितानं हात धुतले, पाणी प्यायली, उगाच खिडकी लावली आणि मग फिकट ठसा मायच्या हातात दिला.

गोदाबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"तूनं काढली?"

"हो."

"मेहनत केली बाप्पा." त्यांनी कागद बाजेवर ठेवला आणि ताटात हात घातला. "पण ते वाकडं तोंड काई सुटत नाई मह्यं. फोटोवाल्याचंच भूत शिरलं तुह्या अंगात."

ललिताला मायचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. तिनं ठसा उचलून फाईलमध्ये सरकवला, तर आतला पहिला कागद अर्धा बाहेर आला.

"आन् ते कोणतं?"

"ते बिघडलेलं हाय, माय. उलटं झालं."

"पाहू दे त."

गोदाबाईंनी कागद घेतला. मटकीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. ललिताला वाटलं, आता पेन मागणार.

मायनं डावा हात वर नेला. कागदावरून नजर न काढता डाव्या भुवईवर आलेली पांढरी बट बोटानं मागे सारली, पदर कानामागे नीट खोचला आणि मान जराशी वर केली. रोज सकाळी आंघोळीनंतर मोरीजवळच्या आरशापुढे ती अस्सं करायची. ललितानं जन्मभर पाहिलं होतं, पण पाठीमागून. मायनं आपलं तोंड फक्त तिथंच, असंच उलटं पाहिलं होतं. लग्न होऊन आली तेव्हाचं, बाबा गेले त्या दिवशीचं, आणि आज सकाळचंही.

"अवं माय," गोदाबाई कागदाला म्हणाल्या, "किती थकली तू."

ललितानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सर म्हणाले, हे चुकलं," ती म्हणाली. "चमकी उजवीकडे गेली."

"तुह्या सराले काय मालूम?" गोदाबाईंनी कागद तिच्याकडे दिला नाही. "याले काच लावून आणजो. नागपूरले जायाच्या आंधी."