अंगठ्याची खाच

गोसने बासरी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली आणि मागच्या भोकावरून करंगळी फिरवली.

"तुझा भाऊ नखं खायचा नाही, भोक खायचा," तो म्हणाला. "बघ ना, किती खोल गेलंय."

रिन्स्केने बघितलं नाही. गेले काही दिवस ती दुसरं काही बघतच नव्हती.

रेकॉर्डर म्हणजे तोंडाशी उभी धरून वाजवायची लाकडी बासरी. तिला पुढे सात भोकं असतात आणि मागे एक, डाव्या अंगठ्यासाठी. वरच्या सप्तकात जायचं तर अंगठा दुमडून नखाने या मागच्या भोकाला बारीकशी फट ठेवावी लागते. फट केसभर जास्त झाली तरी स्वर फाटतो. असं वर्षानुवर्षं वाजवत राहिलं की नखाने लाकूड झिजतं आणि भोकाच्या काठाला खाच पडते. प्रत्येक वादकाची खाच निराळी. वेसलची तिरकी होती, आणि तिच्यात त्याच्या बहिणीचा अंगठा बसत नव्हता. खालचे स्वर जुन्या ओळखीचे निघत, वरचे नुसते किंचाळत.

"हाडाची चकती बसवतो," गोस म्हणाला. "आत्ताचं भोक मोठं करायचं, त्यात चकती ठोकायची आणि चकतीला नवं भोक पाडायचं, तुझ्या अंगठ्याच्या मापाचं. आवाजात फरक पडणार नाही."

"आणि खाच?"

"खाच जाईल. ती घालवायलाच तर चकती बसवतात."

ही बासरी गोसनेच घडवली होती, देवेंटरमध्ये नवीन दुकान टाकलं तेव्हा. पिवळट, हाडासारख्या घट्ट बॉक्सवुड लाकडाची. आता त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि बासरीचा रंग मधासारखा गडद झाला होता. तो स्वतःच्या कामाबद्दल हळवा नव्हता. बासरीला भोक पाडायला तो जसा तयार असे, तसाच ते बुजवायलाही.

"नको," रिन्स्के म्हणाली. "मी बघते कसं जमतंय ते."

"बघ. पण एक सांगतो. ऑक्टोबरपासून ही बंद पडून आहे. लाकूड पार सुकलंय. रोज दहा मिनिटं, त्याच्यावर..."

"गोस, हे तू मला सांगतोस? मी दर आठवड्याला पोरांना हेच ओरडून सांगते."

"पोरांना सांगणं वेगळं," गोस म्हणाला आणि बासरी कापडात गुंडाळून त्याने तिच्या हातात दिली.

वेसल ऑक्टोबरमध्ये गेला. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना नदीच्या बांधावर त्याला छातीत कळ आली आणि तो तिथेच बसला. लोक जमेपर्यंत सगळं संपलेलं होतं. त्याच्या अंत्यविधीला भाषणं झाली, कॉफी झाली, केकचे तुकडे वाटून झाले. संगीत मात्र झालं नाही. रिन्स्केला बासरी तोंडाला लावता आली नव्हती. फेब्रुवारीत तिची भावजय आलेद बासरीची पेटी घेऊन दारात उभी राहिली.

"अकरा मार्चला त्याचा वाढदिवस," ती म्हणाली. "संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर अजून लिहिलेलाय, रोज दिसतो मला. नदीकाठच्या चर्चमध्ये त्याच्या माणसांना बोलावते. भाषणं नकोत. मला त्याची बासरी ऐकायचीय, एकदाच. तू वाजव."

"जोडीत मी तर खालचा भाग वाजवते, आलेद. वरचा नेहमी तो वाजवायचा."

"तुला पाठ असेल की."

पाठ होताच. दोन बासऱ्यांसाठी, बाकी कुठलीही साथ न घेता लिहिलेले सोनाटे, म्हणजे संथ आणि जलद भागांच्या रचना, ही भावंडं आयुष्यभर वाजवत आली होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर संथ भागात थोडेच स्वर लिहिलेले असतात. पहिल्या फेरीत ते तसेच वाजवायचे आणि दुसऱ्या फेरीत वादकाने स्वतःच्या हरकतींनी भरायचे. वेसलच्या हरकती दर वेळी वेगळ्या असत. तो आधी काही ठरवत नसे. दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी तो थांबायचा, नाकाने घोरल्यासारखा मोठा श्वास ओढायचा आणि सुटायचा. रिन्स्के त्या श्वासावर आपला स्वर धरायची. रेकॉर्डिंगवाले तो श्वास कापून टाकायला बघत. रिन्स्के त्यांना सांगायची, तो कापलात तर मी कधी यायचं ते मला कळणार नाही.

या बासरीत आवाज लहानमोठा करता येत नाही. जोरात फुंकलं की स्वर चढतो, हळू फुंकलं की उतरतो, दोन्हीकडून बेसूर. म्हणून वादक कानाला फसवतो. एखादा स्वर मोठा वाटायला हवा असेल तर त्याच्या आधीचा स्वर जरा लवकर सोडून मध्ये रिकामी जागा ठेवायची. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढचा स्वर दणक्यात आला. प्रत्यक्षात तो तेवढाच असतो. वेसल शिकवताना वर्गात म्हणायचा, "आपण दोघं जन्मभर रिकाम्या जागा विकतोय. आणि लोक तिकीट काढून येतात!"

पहिल्या आठवड्यात रिन्स्केने नियम पाळला. स्वयंपाकघरात ओव्हनचं घड्याळ लावायचं, बासरीचं डोकं, म्हणजे तोंडाकडचा सुटा भाग, काखेत धरून गरम करायचं, दहा मिनिटं वाजवायचं, आतलं पाणी पुसून ठेवून द्यायचं. वरचे स्वर येत नव्हते. तिने नख वाढवलं, मग कापलं, मग तिरकं घासलं. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिला त्याचं कोपर आठवलं. वेसलचं डावं कोपर बाहेर आलेलं असायचं. लहानपणी ती त्याला "कोंबडी" म्हणायची, आणि शिक्षिकेने कितीदा कोपरावर छडी टेकवली तरी ते पुन्हा वर यायचंच. रिन्स्केने स्वतःचं कोपर तसंच उचललं. मनगट फिरलं, अंगठा आपोआप कलला आणि नख खाचेत जाऊन बसलं. वरचा स्वर निघाला, स्वच्छ, कडेला किंचित खरखर असलेला. तो तिचा स्वर नव्हता. तिने घाबरून बासरी खाली ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलली.

त्या संध्याकाळी तिने आलेदला फोन करून सांगितलं, जमतंय.

"मी येते ऐकायला."

"अगं, थांब ना अकरा तारखेपर्यंत. अजून पंधरा मिनिटांच्या वर वाजवता येत नाही. ठोकळा फुगला तर—"

"माहितीय मला ठोकळ्याचं. बत्तीस वर्षं तोच संसार केलाय," आलेद म्हणाली.

बासरीच्या डोक्यात फुंकेची वाट जिथे तयार होते, तिथे देवदाराचा एक ठोकळा घट्ट बसवलेला असतो. तो श्वासातलं पाणी पितो. रोज थोडं पाणी मिळालं तर बाहेरचं लाकूडही त्याच्याबरोबर हळूहळू सैल होतं. सुकलेल्या बासरीला एकदम जास्त पाजलं तर ठोकळा फुगतो, बाहेरचं लाकूड जागचं हलत नाही, आणि मग लाकडाला भेग पडते. हे आलेदला माहीत होतं. नवी बासरी घरात आली की वेसल स्वयंपाकघरातलं अंडी उकडताना लावायचं घड्याळ पळवायचा आणि आलेदच्या हातून अंडी जास्त उकडली जायची.

रविवारी दुपारी ती आलीच. सोबत मसाल्याचा केक होता, न कापलेला. कोट न काढता ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"कॉफी?"

"नंतर."

रिन्स्केने घड्याळ लावलं, कोपर उचललं आणि संथ भाग सुरू केला. पहिली फेरी साधीच. दुसऱ्या फेरीत तिने स्वतःचं काही घातलं नाही, त्याच्या ज्या हरकती आठवल्या त्या घेतल्या. एक गेल्या वर्षीची, एक खूप जुनी. आलेदने डोळे मिटले नाहीत. ती रिन्स्केच्या कोपराकडे बघत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

रिन्स्केने पुन्हा वाजवलं. मग जलद भाग वाजवला. घड्याळ वाजलं.

"झालं," रिन्स्के म्हणाली. "आता उद्या."

"ते संथ, अजून एकदा."

"आलेद, वेळ झाली."

"मला माहितीय वेळ झाली ते." आलेदचा आवाज चढला नव्हता. "मला सगळं माहितीय. अकराला चर्चमध्ये शंभर माणसं असतील, मला सगळ्यांशी हात मिळवायचे असतील, बिस्किटं पुरतायत का ते बघायचं असेल. तेव्हा मी ऐकणार आहे का काही? आत्ता वाजव."

रिन्स्केने घड्याळाकडे बघितलं, मग हातातल्या बासरीकडे. लाकूड ओठांपाशी ओलं झालं होतं. आवाज किंचित दबला होता. ठोकळा फुगायला लागल्याची ही खूण ती पोरांना नेहमी सांगते. कुठल्याही पोराच्या हातून तिने या क्षणी बासरी काढून घेतली असती.

तिने कोपर उचललं.

ती वाजवत राहिली. संथ भाग झाला, त्याच्या पुढचा झाला, मग आलेदने न सांगता दुसरा सोनाटा सुरू झाला. केव्हातरी आलेदने कोट काढला. केव्हातरी तिने तोंडावर हात ठेवला आणि रडू येऊ दिलं. रिन्स्केच्या ध्यानात आलं की ती नाकाने श्वास ओढतेय, मोठ्याने, त्याच्यासारखा. ही सवय तिची कधीच नव्हती.

मग बारीकसा आवाज झाला, वाळकी काडी मोडल्यासारखा. स्वर एकदम घोगरा झाला आणि त्यात नुसतीच हवा आली.

रिन्स्केने बासरीचं डोकं काढून खिडकीशी नेलं. तोंडापासून निघालेली रेष स्वर जिथे फुटतो त्या धारेपर्यंत गेली होती.

"माझ्यामुळे," आलेद म्हणाली.

"मी वाजवली. तू नाही."

"तू थांबली होतीस."

"पण पुन्हा सुरू केलंच ना?"

थोड्या वेळाने रिन्स्केने कॉफी केली आणि आलेदने केक कापला. तो दोघींनीही खाल्ला नाही.

गोसने भिंग लावून भेग बघितली. काय झालं ते त्याने विचारलं नाही.

"चिकटवता येईल. ठोकळा काढून, सुकवून, सावकाश. उन्हाळा उजाडेल. पण धारेला लागलंय, रिन्स्के. वाजेल, एवढंच. आधीसारखी वाजणार नाही." मग त्याने बासरी उलटी केली. "तशी चिकटवणारच आहे, तर लगे हात हाडाची चकतीही..."

"नको. चकती नको. चिकटवूही नको."

"वाजवणार नसशील तर ठेवून काय करणार?"

गोसने जरा वाट बघितली, मग नेहमीच्या कापडात बासरी गुंडाळली. या वेळी गाठ मारायला त्याला वेळ लागला.

वेसलच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वरचा भाग वाजवतो म्हणून निरोप पाठवला. चांगला वादक होता. रिन्स्केने त्याला नको सांगितलं आणि कारण दिलं नाही.

अकरा मार्चला चर्चमध्ये थंडी होती. रिन्स्के स्वतःची बासरी काखेत धरून पहिल्या बाकावर बसली होती. वेळ आल्यावर ती उठली, नेहमीसारखी उजवीकडे उभी राहिली, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. तिने खालचा भाग वाजवला. तेवढाच.

खालच्या भागात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. लांब स्वर, चढत्या पायऱ्या, मध्येमध्ये विराम. वरचा चालत असतो म्हणून हा थांबतो, वरचा थांबला की हा दोन पावलं पुढे येतो. ज्यांना तो सोनाटा माहीत होता त्यांना वरचं ऐकू येत असावं, कारण काही माथी भलत्याच ठिकाणी हलत होती. बाकीच्यांना ते अर्धवट वाटलं असेल. मागे एक मूल आईला विचारत होतं, ही मध्येमध्ये विसरते का?

दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी ती थांबली. इथे श्वास यायचा. ती वाट बघत राहिली. ठरवून नाही, तिला दुसरं येतच नव्हतं. श्वासाआधी हा स्वर तिने कधी धरलाच नव्हता. बाहेर नदीवरून एक मालवाहू बोट गेली. तिची घरघर दूर गेली. मग रिन्स्केने स्वतःच्या हिशेबाने स्वर धरला, उशिरा, आणि तो जरा उतरलेला लागला. ती शेवटपर्यंत गेली.

नंतर आलेदने सगळ्यांशी हात मिळवले. बिस्किटं पुरली. माणसं पांगल्यावर ती कप गोळा करत रिन्स्केपाशी आली.

"तुझा भाग मी आज पहिल्यांदा ऐकला," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्यालाच ऐकत होते."

"सगळे त्यालाच ऐकायचे. भाग तसाच लिहिलाय."

"मध्ये तू थांबलीस ना, मला वाटलं, आता येईल."

"मलाही."

आलेदने कप खाली ठेवले. "कुठेय त्याची बासरी?"

रिन्स्केने पिशवीतून कापड काढलं, गाठ सोडली. आलेदने आयुष्यात कधी बासरी वाजवली नव्हती. तिने ती उलटी धरली, डावा अंगठा मागच्या भोकावर ठेवला, काढला, थोडा कलवून पुन्हा ठेवला. मग रिन्स्केकडे बघितलं.

"कोपर वर घे," रिन्स्के म्हणाली.

तिने घेतलं. तरीही अंगठा बसला नाही.