प्लेटांचा आवाज

वर्षातून एकदा, थंडी पडली की मिस्त्रीच्या गेटाशी कट-कट-कट असा आवाज यायचा, आणि आत स्वयंपाकघरात त्याची बायको चहाचं आधण ठेवायची. कोण आलं म्हणून डोकावून बघायची गरजच नव्हती. असा आवाज करत वळणारी गाडी एकच होती, आणि ती सुनेची होती.

आता सून म्हणायचं ते आपलं सवयीने. मुलाशी तिची फारकत होऊन पाच वर्षं झाली होती आणि दोन वर्षांपूर्वी तिने दुसरं लग्नही केलं होतं. माजी मंत्री असतो तशी माजी सून असते का रे, असं मिस्त्रीच्या एका मित्राने एकदा दात काढत विचारलं, तेव्हापासून मिस्त्रीने त्याच्या गाडीला हात लावला नाही. माणूस होताच तसा तिरसट. पण मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो डिफरन्शियल असतो, त्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून लोक त्याचा तिरसटपणा पोटात घालायचे.

सून त्या घरात आली तीच मुळी गाडी घेऊन. निळी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. डोंगरचढाच्या शर्यतीत ती स्वतः पळवायची. मुलाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक धड सांगता यायचा नाही, पण सासऱ्याचं आणि सुनेचं मेतकूट जमलं ते जमलंच. जेवताना दोघांचं गिअरपुराण सुरू झालं की सासू म्हणायची, बाई गं, निदान हात तरी धुऊन बसा दोघं.

तेव्हाच मिस्त्रीने त्या गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवला. साध्या डिफमध्ये एक चाक घसरलं की इंजिनाची सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकात जाते आणि दुसरं चाक नुसतं बघत बसतं. ते होऊ नये म्हणून हा. त्याचे दोन प्रकार मिळतात. एक प्लेटांचा, दुसरा नुसत्या गिअरांचा. प्लेटांचा पक्का हट्टी, चाक हवेत उचललं तरी पकड सोडणार नाही. पण प्लेटा झिजतात, वर्षातून एकदा उघडून बघाव्या लागतात, आणि गाडी हळू, जागच्या जागी वळवली की त्या कटकट करतात. गिअरांचा बिचारा गरीब आणि मुका. एकदा बसवला की पुन्हा उघडायचं नाव नको. शर्यतीला प्लेटांचाच हवा होता. मिस्त्रीने तेव्हा सांगितलं ते अगदी खरं होतं.

पुढे फारकत झाली. मुलगा परगावी गेला, आणि सुनेने चार तासांवरच्या गावात बिऱ्हाड केलं. तरी थंडी पडली की गाडी यायची, कारण प्लेटा बघायच्या असायच्या. दिवसभर मिस्त्री गाडीखाली असायचा, आणि सासू-सून आत गप्पा छाटत बसायच्या. मुलाचा फोन महिनोन् महिने यायचा नाही, पण ही यायची.

तीन वर्षांपूर्वी तिने शर्यती सोडल्या. गाडी आता फक्त रस्त्यावर चालणार होती, म्हणजे प्लेटांचं काम संपलं होतं. मिस्त्रीने ते तेव्हाच सांगायला हवं होतं. तो मूग गिळून बसला. दरवर्षी झिजलेल्या प्लेटा काढायच्या, नव्या घालायच्या आणि वर म्हणायचं, वेळेवर आलीस ते बरं झालं. आपण पोरीला फसवतोय हे त्याला कळत होतं. कळूनही करत होता, कारण न करावं तर ती कशाच्या नावावर येणार होती?

मागच्या खेपेला डिफच्या आतल्या डबीला बारीक तडा दिसला होता. यंदा नवाच बसवायला लागणार होता. मिस्त्रीने दुकानदाराकडून दोन्ही प्रकारचे मागवून ठेवले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. सकाळी गाडी आली, कटकटली, चहा झाला, आणि सून वर्कशॉपमध्ये येऊन त्या दोन खोक्यांपुढे उभी राहिली.

"यातला कुठला, बाबा?" तिने विचारलं.

"प्लेटांचाच घे," मिस्त्री म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"तुम्ही म्हणाल तो," ती चटकन म्हणाली आणि आत गेली.

एवढ्या सहज तिने मान डोलावली याचं मिस्त्रीला थोडं नवल वाटलं, पण जास्त बरंच वाटलं. आणखी एक वर्ष पदरात पडलं. त्याने खुशीत शीळ घालत गाडी वर घेतली, चाकं उतरवली, तेल सोडलं. त्या गाडीत डिफचे वरचे दोन नट डिकीतल्या गालिच्याखालून सुटतात, म्हणून त्याने डिकी उघडली. गालिच्यावर लहान मुलाची सीट होती. गाडीत बांधतात तसली, अगदी तान्ह्या बाळाची. वरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

मिस्त्रीची शीळ थांबली. तो डिकीच्या कडेवर टेकला. म्हणजे पोरगी आई होणार होती. सकाळी चहाला बसताना तिने सैलसर स्वेटर घातला होता तो थंडीसाठी नव्हता. सांगितलं नाही तेही बरोबरच होतं. कोणत्या तोंडाने सांगणार होती? ज्या घरात नातवंडाची वाट बघून बघून डोळे थकले, त्या घरात येऊन दुसऱ्याच्या घरातलं बाळ कसं सांगायचं? मिस्त्रीला आनंद झाला, आणि तरी त्याने हातातला पाना खाली ठेवला.

मग तो कामाचा विचार करायला लागला, कारण दुसरा कुठला विचार त्याला झेपत नव्हता. ओला रस्ता, वळण, मागे बाळ रडतंय, हिचं लक्ष क्षणभर आरशात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की प्लेटा दोन्ही चाकं एकदम धरतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. शर्यतीतली सून ती शेपटी हसत हसत सावरायची, पण रात्रभर न झोपलेली आई सावरेल का? प्लेटा सैल लावाव्यात का? त्याने तेही मनाशी घोळवून पाहिलं. पण तान्ह्या बाळाला घेऊन पुढच्या वर्षी तिला येणं जमलं नाही, तर त्या प्लेटा उघडून बघणार कोण? आणि जमेलच याचा काय भरवसा? नाही. ज्याला कुणी बघायला लागत नाही, तोच या गाडीत हवा होता.

दुपारी जेवायला तो आत गेला, तर दोघी कशावर तरी पोट धरून हसत होत्या. बायकोने त्याच्या ताटात दोनदा वाढलं आणि आज तोंड का शिवलंय म्हणून विचारलं. काम अवघड आहे, एवढंच तो म्हणाला.

परत येऊन त्याने प्लेटांचं खोकं बाजूला सारलं आणि गिअरांचा काढला. जुन्यावरचं मोठं दातेरी चक्र त्यावर कसलं, दात नीट बसतात का ते रंग लावून तपासलं, पुन्हा खोललं, केसाइतक्या पातळ चकत्या बदलल्या, पुन्हा बसवलं. आयुष्यात इतकं चोख काम त्याने क्वचित केलं असेल. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्याने नवं तेल भरलं, गाडी खाली उतरवली आणि सुनेला हाक मारली. नेहमीसारखी ती चावी घेऊन एक फेरी मारायला एकटीच गेली. या फेरीवरून परतताना गेटाशी प्लेटा वाजल्या की बायको डबा भरून बाहेर यायची, असा इतक्या वर्षांचा रिवाज होता.

गाडी परत आली, गेटातून आत वळली आणि उभी राहिली. कसलाही आवाज झाला नाही. सून काच खाली करून तशीच आत बसून राहिली.

"तुम्ही गिअरवाला घातलात," ती म्हणाली.

"हो."

"डिकीतली सीट दिसली ना?"

मिस्त्रीने मान डोलावली. मग त्याने खाली बघत सगळं कबूल केलं. तुझ्या गाडीला तीन वर्षांपूर्वीच हा बसवायला हवा होता, मी मुद्दाम बोललो नाही, म्हणाला. चुकलं माझं, म्हणाला. आता हा कधीच उघडायला लागणार नाही, तू निर्धास्त चालव.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "शर्यती सोडल्या तेव्हाच मी सगळं वाचून काढलं होतं. गाडीचं काम आहे म्हटलं की मला घरून निघता यायचं. कुणी काही विचारायचं नाही. नुसतं जुन्या सासू-सासऱ्यांना भेटायला जाते, असं मी तिथे कसं सांगू?"

मिस्त्री गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. हे सकाळी कळलं असतं तर त्याने वेगळं केलं असतं का? नसतं केलं. पण निदान दोघांनी बसून ठरवलं असतं.

"तेल तरी बदलायला लागतंच की," तो म्हणाला.

"तेल कुठेही बदलता येतं, बाबा."

"तरी येत जा."

"येईन की," ती म्हणाली. मुलगा फोनवर म्हणायचा तसंच. तिचे डोळे भरून आले होते. आत गेले तर आई विचारतील आणि मग माझा पाय निघणार नाही, मी पोचल्यावर त्यांना फोन करते, एवढं तिने कसंबसं सांगितलं. मिस्त्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेल होतं हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि तिनेही डोकं मागे घेतलं नाही. मग गाडी अंगणात वळली, गेटाबाहेर पडली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने बायको डबा घेऊन ओसरीवर आली. झाकणावर फडकं बांधलेलं होतं. तिने रिकाम्या अंगणाकडे बघितलं.

"अहो, फेरी मारून आली नाही का अजून?"

"आली आणि गेलीसुद्धा. उशीर होत होता तिला. फोन करते म्हणालीय."

"अशी कशी गेली? मी मघापासून आवाजाकडे कान लावून बसलेय."

"नवीन घातलाय तो. तो वाजत नाही."

बायको डबा दोन्ही हातांत धरून गेटाकडे बघत राहिली.

"मग पुढच्या वर्षी ती आली की मला कळणार कसं?"

"मी आहे ना," मिस्त्री म्हणाला. "मी हाक मारीन तुला."