गाजराने केलेली चुगली

मावशी पांढऱ्या शर्टाची कॉलर बेतत होती, आणि तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. शुभ्र कापडावर तळवा चक्क केशरी दिसत होता. खडू लागला असेल म्हणून तिने तो साबणाने खसाखसा धुतला. रंग ढिम्म हलेना. आरशात पाहिलं, तर नाकसुद्धा तसंच.

"कावीळ!" भाचीने घर डोक्यावर घेतलं.

ही भाची औषधांच्या दुकानात कामाला, आणि सगळ्या भानगडीचं मूळही तीच. लोखंडाला गंज चढतो तशी आपल्या पेशींचीही झीज होते, अँटिऑक्सिडंट ती रोखायला मदत करतात, गाजरात ती भरपूर असतात, तेव्हा रोज एक ग्लास रस घे, कातडी तुकतुकीत राहील, असं तिनेच सांगितलं होतं. पण मावशी पडली शिंपीण! नेमक्या मापावर तिचा कधीच विश्वास नव्हता. प्रत्येक शिवणीत थोडं कापड जास्तीचं सोडायची तिची रीत. एक ग्लास सांगितला म्हणजे दोन घ्यावेत, अंगात थोडा आटला तरी कमी पडायला नको, असा तिचा हिशोब. त्यात कोपऱ्यावरचा रसवाला तिसरा ग्लास आपणहून पुढे करायचा, आणि त्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. खरं सांगायचं तर, त्याच्या दुकानातल्या बाकावर बसायला मिळतंय म्हटल्यावर तिने चौथाही घेतला असता.

डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि ते खुदकन हसले. "डोळे स्वच्छ पांढरे आहेत. कावीळ नाही ही. गाजरं किती खाता?"

"पिते," मावशी म्हणाली.

"मग आता थांबवा. यात धोका काही नाही, रंग हळूहळू उतरेल. चांगल्या गोष्टीलाही प्रमाण असतं हो!"

भाचीचा जीव भांड्यात पडला. मावशीचा मात्र टांगणीला लागला. रस बंद, म्हणजे तिथे जायचं निमित्तच बंद. तो विधुर, ही एकटी. उगाच जाऊन बसली तर सगळी गल्ली बोलणार. तरीही संध्याकाळी तिने केस नीट विंचरले आणि निघाली.

"नेहमीचं ना?" रसवाल्याने यंत्र सुरू केलं.

"नको. डॉक्टरांनी बंद केलंय. हे बघा." तिने दोन्ही तळवे पुढे धरले.

रसवाल्याचं तोंड एवढंसं झालं. "माझंच चुकलं, बाई. तो तिसरा ग्लास... तुम्ही अजून थोडा वेळ थांबाल म्हणून द्यायचो." बोलून बसल्यावर त्याचे कान लाल झाले. "म्हणजे आता तुम्ही यायच्या नाहीत."

मावशीला हसू काही केल्या आवरेना. या वयात हे काय भलतंच, असं मनाला बजावेपर्यंत तोंडातून निघूनही गेलं.

"मला गाजर आवडतच नाही हो! पहिल्या दिवसापासून नाक दाबून पितेय."

त्याने यंत्र बंद केलं. तिच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरायला त्याला जरा वेळ लागला. शिरला तेव्हा हातातलं गाजर सुटलं आणि घरंगळत पार रस्त्यावर गेलं. ते उचलायला दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

"मग काय देऊ?" त्याने विचारलं.

"साधं पाणी," मावशी बाकावर ऐसपैस बसत म्हणाली. "मोठा ग्लास भरून."