दगडाबाईचा जीवखडा

"दगड! आरं दगड लावा बे कुणीतरी!"

शहादेव ड्रायव्हर ब्रेकवर अख्खा उभा राहून ओरडत होता आणि त्याचा ट्रॅक्टर, मागच्या दोन्ही ट्रॉल्यांसकट, घाटाच्या चढावरून इंचाइंचानं मागे सरकत होता. रस्ता म्हणायला रस्ता, नाहीतर नुसता मुरूम. ट्रॉल्यांत भांडीकुंडी, चटया, सरपण, कोंबड्यांची खुराडी आणि बायका, तान्ह्या पोरांसकट. डाव्या हाताला दरी होती. वजन हलकं व्हावं म्हणून गडीमाणसं उतरून पुढे चालत गेली होती. ती उलट पळत येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं.

जाईबाईनं कुणाची वाट पाहिली नाही. मागच्या ट्रॉलीतून तिनं पदर खोचून उडी टाकली. उसाच्या काळ्या रानात चुलीला दगड मिळत नाही, म्हणून बायका घरूनच चुलीचे दगड घेऊन निघतात. ते तिनं फळीवरून ओढले, शेजारच्या चटईखाली हाताला लागलेला आणखी एक मुठीएवढा घेतला आणि सगळे चाकामागे कोंबले. चाक करकरलं आणि थांबलं. बायकांनी देवीचं नाव घेतलं. शहादेवनं दम घेऊन गिअर टाकला, ट्रॅक्टरनं काळा धूर ओकला आणि तो वर चढला. मागून टोळीचा तिसरा ट्रॅक्टरही त्याच जागेवरून घरघरत आला. दगड रस्त्यावर राहिले. गरज सरो, वैद्य मरो. चाकामागचा दगड उचलायला कोण मागे फिरतो?

एरवी ही मंडळी अशा आडरानातून कशाला गेली असती? पण ऊसतोडीचा संप अजून मिटला नव्हता. चौसाळ्याला हमरस्त्यावर संपवाले ट्रॅक्टर अडवून चाकातली हवा सोडत होते. म्हणून मुकादम बबनरावानं केजजवळच्या आपल्या गावातून तीन ट्रॅक्टर दिवस उगवताच बाहेर काढले आणि बालाघाटाच्या डोंगरवाटांना लावले. स्वतः मोटारसायकलवर पुढे. वस्त्या ओस, ओढे कोरडे, बाभळीसुद्धा करपलेल्या. त्यांच्या भागातल्या सहकारी कारखान्याचा भोंगा दोन हंगाम वाजला नव्हता. उसालाच पाणी नाही, तर भोंगा काय वाजणार! ज्या मुलखात कालवे वाहतात, तिकडे निघालं होतं सगळं गाव.

या लोकांत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची. जोडीतलं एक गेलं की उरतो तो अर्धा कोयता. माणसाला असं अर्धं म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. रोजचाच शब्द आहे. त्रिंबक या साली अर्धा कोयता झाला होता. त्याची बायको दगडाबाई वैशाखात काविळीनं गेली. तिची चुलत बहीण जाईबाई त्याच गावात दिलेली, आधीपासूनच विधवा. बबनरावानं तोडीपुरते दोन अर्धे जोडून एक पुरा केला आणि विषय संपवला.

डोंगरमाथ्यावर ट्रॅक्टर थांबले. शहादेवच्या हेडाचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाचं, पाणी उकळून वाफा येत होत्या. त्रिंबक चालून दमला होता, पण आधी बसला नाही. ट्रॉलीवर चढून त्यानं चटई उचलली, झटकली, पुन्हा उचलली. मग गोधड्या काढल्या.

"काय हुडकता, दाजी?" जाईबाईनं विचारलं.

"हितं एक दगड व्हता."

"त्यो व्हय? टाकला की म्या चाकामागं. चुलीचे बी तितंच राह्यले. ऱ्हाऊ द्या, दगडाला काय तोटा हाय ह्या डोंगरात?"

त्रिंबक मटकन खाली बसला.

"जाई, तुजी अक्का व्हती ती," तो म्हणाला.

जाईबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं दोन्ही हात असे लांब धरले, जणू ते तिचे नव्हतेच.

तो दगडाबाईचा जीवखडा होता. चितेपाशी मडक्याला भोक पाडतात तो खडा. दहाव्याला तो पाण्यात सोडायचा असतो. पण तिच्या दहाव्याला मांजरेच्या पात्रात भेगा पडल्या होत्या. भावकीनं टँकरचं पाणी घमेल्यात ओतलं आणि म्हणाले, सोड ह्यात, देव समजून घेतो. त्रिंबक कधी कुणाच्या शब्दाबाहेर नव्हता, पण त्या दिवशी हटून बसला. "जल्मभर तिनं घागर-घागर मोजून पानी वापरलं," तो म्हणाला, "जाताना तरी वाहतं पानी पायजे." लोकांनी समजावलं, मग कंटाळून सोडून दिलं. खडा परसात बोरीच्या बुंध्याशी राहिला. रोज संध्याकाळी त्रिंबक तो हातात घ्यायचा. त्याला एका अंगाला खळगी होती, अंगठा नेमका बसायचा तिथं. तोडीच्या मुलखात कालवे वाहतात हे त्याला ठाऊक होतं. तिथं नेऊन सोडू, एवढ्यावर त्यानं उन्हाळा आणि कोरडा पावसाळा काढला.

पण जीवखडा गाडीत घेतो म्हटलं तर टोळीतलं कोण बसू देणार? फडक्यात बांधला असता तर चार जणांनी विचारलं असतं. म्हणून त्यानं दगड उघडाच ठेवला, दगडासारखा. चूक असेल तर ती त्याची होती, आणि हे त्याला कळत होतं, म्हणून जास्तच पोळत होतं.

बातमी माथ्यावर पसरायला वेळ लागला नाही. बिभीषण तरातरा आला. या माणसाला कुठंही तेल ओतायची सवय.

"मड्याचा दगड गाडीत? तरीच म्हनलं गाडी मागं कावून सरली! आन् सवतीनंच तिला चाकाखाली घातली म्हना की!"

जाईबाईचा चेहरा उतरला. उत्तर दिलं ते शहादेवनं, रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून.

"तोंड आवर, बिभीषण्या. तुजी बायको, तुजं लेकरू त्याच टरालीत व्हतं. त्या मावलीनं धरली टराली. न्हाईतर आत्ता खाली येचत बसला असता."

बिभीषण मान वळवून आपल्या बायकोच्या ट्रॉलीकडे निघून गेला.

बबनराव मोटारसायकल वळवून आला. सगळं ऐकून त्यानं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मुकादम असला तरी गावचाच पोरगा. लहानपणी दगडाबाईच्या हातची भाकरी खाल्लेला.

"नाना, मला तरी सांगायचं," तो त्रिंबकला म्हणाला.

"तू नको म्हनला असतास."

"म्हनलो असतो." बबनरावानं वाफेकडे पाहिलं. "हेड निवंस्तवर जाऊन या. मी भोंगा वाजवला की मागारी फिरायचं. संपवाल्यांना खबर लागली तर हितंच अडकू."

त्रिंबक उतरू लागला. थोड्या अंतरानं मागून जाईबाई. तो नको म्हणाला नाही.

जागा सापडली. चाक घसरल्याचे ओरखडे मुरुमात होते. चुलीचे तिन्ही काळे दगड लगेच दिसले. त्यांतला एक दुभंगला होता. चौथा मात्र नव्हता. तिसऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी सगळं उधळलं होतं. आजूबाजूला जिकडे पाहावं तिकडे दगडच दगड, आणि उतारावर खाली दरीपर्यंत आणखी दगड. त्रिंबक एकेक उचलून अंगठा फिरवायचा आणि ठेवायचा. फेकत नव्हता, ठेवायचा.

आधीची दोन पोरं गेली म्हणून, ही तरी जगावी म्हणून, बापानं पोरीचं नाव दगडा ठेवलं होतं. देवालाही दगड नको असतो, असा त्यातला हिशेब. त्यावरून त्रिंबकनं तिला उभा जन्म चिडवलं होतं. आता प्रत्येक दगड उचलताना ते त्याला आठवत होतं.

जाईबाई गुडघ्यांवर बसून मुरूम उकरत होती. बोटं सोलवटली तरी थांबत नव्हती. "घाव गं अक्का," ती पुटपुटत होती, "मी पाया पडते, घाव."

वरून भोंगा वाजला. एकदा. मग पुन्हा.

"दाजी! घावला!" ती ओरडली. "ह्योच! म्या ह्या हातानं लावलाय, मला वळखू येतो!"

ती धावत आली आणि तिनं ओंजळीतून दगड पुढे धरला. आकार तसाच, रंग तसाच. त्रिंबकनं घेतला. त्याचा अंगठा एका अंगानं फिरला, दुसऱ्या अंगानं फिरला. खळगी नव्हती.

त्यानं वर पाहिलं. जाईबाईचं तोंड धुळीनं माखलं होतं आणि डोळ्यांच्या पाण्यानं त्यावर ओघळ उतरले होते. श्वास रोखून ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. सहा महिने हिला त्याच्या शेजारी मोळ्या बांधायच्या होत्या. बिभीषणासारख्यांच्या जिभा होत्याच. आणि शेवटी तिनं केलं काय होतं? लेकराबाळांची गाडी वाचवली होती.

"ह्योच हाय," त्रिंबक म्हणाला.

"खरं? गळ्याची आन?"

"आगं, मला वळखू येनार न्हाई व्हय? ह्योच."

जाईबाई तिथंच बसून हमसून हमसून रडली. त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "हो म्होरं. चुलीचे दोन चांगले हायत, ते घे." ती वळणाआड गेल्यावर तो उताराकडे तोंड करून उभा राहिला. बायकोचं नाव त्यानं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आणि नंतर चिडवताना नाहीतर रागात.

"दगडे," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी पुन्यांदा येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलूख बदलला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस, आणि मधून काठोकाठ भरलेला कालवा. कुणी सांगायच्या आधीच बबनरावानं तिन्ही ट्रॅक्टर थांबवले. टोळी खाली उतरली. बायकांनी तीळ कुठून तरी पैदा केले, शहादेवनं चपला काढल्या, बिभीषणही डोक्याचं काढून मागे उभा राहिला.

त्रिंबक पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरला. एवढं पाणी त्याच्या पायांना कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. त्यानं दगडावर तीळ सोडले, पाणी सोडलं, हात जोडले. जे जे करायचं ते त्यानं नीट, सावकाश केलं. कुणाचा कोण जाणे तो दगड, पण त्याचाही मान ठेवला. मग ओंजळ उघडली. दगड बुडाला.

"सुटली गं माजी अक्का," जाईबाई म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. टोळीनं सुस्कारा टाकला. कुणीतरी पोरांना पाणी पाजायला घेतलं, कुणी तोंडं धुतली, जो तो मोकळा झाला. त्रिंबक मात्र पाण्यातच उभा होता. त्यानं कमरेची प्लास्टिकची बाटली काढली. तिच्या तळाशी गावचं, टँकरचं पाणी उरलं होतं. ते त्यानं ओतलं, बाटली विसळली आणि वाहत्या धारेत तोंडापर्यंत भरली.

"आवो दाजी, भरून कशाला घेता?" जाईबाई हसली, कालपासून पहिल्यांदाच हसली. "आता सहा म्हैने हितं पानीच पानी हाय."

"असू दे. परतीला घाटात लागंल."

"तवर शिळं व्हईल की."

"व्हऊ दे," त्रिंबक म्हणाला. "वाहत्याचं हाय."

त्यानं झाकण घट्ट लावलं, बाटली धोतरानं पुसून कोरडी केली आणि तो ट्रॉलीकडे निघाला.