भस्मातली गोळी

तलावाच्या पाळीवर मांडव पडला आणि आरमोरीपासूनची माणसं लोटली. खाटेवर आणलेली म्हातारी भस्माची पुडी चाटून दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं घरी गेली, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"सांध्यात वातासुर बसला हाय!" भस्मवाले महाराज माइकवर गरजत. "डाक्टरच्या मशीनले तो दिसत नाई. एक पुडी, अन् वातासुर फरार!"

फरार झालेल्याला हाकलायला रोज नवी पुडी का लागावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मैनाच्याही नाही. ती नवरा मनसारामसोबत तलावात मासे धरायची. वर्षभरापासून बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी तासभर मूठ वळत नसे. पहिल्या पुडीनंतर तिनं जाळ्याच्या गाठी मारल्या आणि मनसारामसमोर आनंदानं रडली. मग दीड वर्ष पुडी चालली. चेहरा गोल सुजला, तर महाराज म्हणाले, "तेज चढून राह्यलं!" बोटं मात्र वाकडी होत गेली.

एकदा मांडवामागं सरपण वेचताना तिला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग दिसला. तिला वाचता येत नव्हतं. मूठभर पाकिटं पदरात बांधून ती उपकेंद्रातल्या निशा सिस्टरकडे गेली.

निशानं नाव वाचलं. मैनाचं बोट टोचून साखर पाहिली. आकडा वहीत लिहिला.

"सांगा ना सिस्टर, का होय हे?"

"स्टेरॉईड. गोळ्या कुटून राखेत मिसळते तो. मैनाबाई, अंगाची राखण करणारी ताकदच उलटून सांध्यावर धावते, म्हणून तुमची सूज हटत नाई. हे औषध ती झटक्यात दाबते. डॉक्टरही देतात, पण मोजून, लक्ष ठेवून. तुमचे सांधे आतून झिजतच राह्यले. वरून साखर वाढली."

"मंग आजच सोडतो."

"एकदम नाई! जिवावर बेतन. डॉक्टर हळूहळू कमी करतीन."

खाल्लं तरी धोका, सोडलं तरी धोका. मैना आपल्या हातांकडे पाहत राहिली.

"बोटं सरळ होतीन?"

"हे नाई होत आता. बाकीचे सांधे वाचवू."

जिल्ह्याच्या दवाखान्यात संधिवाताचा उपचार सुरू झाला. आठवड्याला एकदा गोळी, ठरल्या वेळी रक्ततपासणी, रोज बोटांचा व्यायाम, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. महिने गेले तेव्हा कुठे सूज थोडी ओसरली.

उपचार सुरू झाला त्याच आठवड्यात मैनानं मांडवात जाऊन पाकिटं दाखवली होती. "वातासुर हिच्या तोंडून बोलून राह्यला!" महाराज म्हणाले, आणि तिच्याच गावची माणसं हसली. निशानं तक्रार केली, पण पोलीस येण्याआधीच मांडव गोंडपिपरीकडे हलला.

मैनाची जाऊ रिंकू, तिचे गुडघे सुजलेले, तीही पुडी घ्यायची. ती संतापली. "तुह्यामुळं गेले महाराज. आता मले पुडी कुठी भेटन?"

दोन दिवसांनी ती गोंडपिपरीला जायला निघाली. मैना एसटीच्या खिडकीखाली धावली.

"रिंकू, देवाचं नाव नको विचारू, औषधाचं विचार! सांगत नसन तर भरोसा ठेवू नको! एकदम सोडनंही धोक्याचं, म्हणून आजच दवाखान्यात चल, मी येतो संगं!"

रिंकूनं खिडकीची काच ओढून घेतली.