आचाऱ्याची वही

सिन्नोवचं पत्र तीन ओळींचं होतं, तरी ओड्डवारला एकोणीस वर्षांत त्याचं उत्तर देणं जमलं नव्हतं. 'गाउतला वर आणायला किती तास घेतले? टाकीबाहेर तूच बसला होतास. मला आकडा सांग.'

आकडा त्याला पाठ होता. बहात्तर.

गाउत तिचा नवरा, उत्तर समुद्रात तेलाच्या नळांवर काम करणारा पाणबुड्या. एकशे तीस मीटरवर काम केलेल्या माणसाला जहाजावरच्या दाबाच्या टाकीत ठेवायचं आणि दाब हळूहळू उतरवत पाच दिवसांनी बाहेर काढायचं, असा नियम. जहाजाला पुढच्या कामाची घाई होती. तीन दिवसांत उरकलं. गाउत टाकीतच गेला. टाकीतला जोडीदार वाचला, पण त्याला त्या आठवड्यातलं काही आठवेना. कंपनीत याचं कुणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

कट शिजला कॉफीच्या खोलीत, वॉफल खाता खाता. कामाचा प्रमुख स्टायनार, कंपनीचा डॉक्टर आणि टाकीचा दाब सांभाळणारा ओड्डवार. दाबाची नोंदवही नव्याने लिहायची, दाब दोन दिवस आधीपासूनच उतरवत होतो असं दाखवायचं. अक्षर चांगलं म्हणून काम ओड्डवारकडे आलं. त्याने ते मन लावून केलं. गाउतने हृदयाचं दुखणं लपवलं होतं, असं डॉक्टरने लिहून दिलं. तेव्हापासून गाउत सरकारी कागदावर स्वतःच्याच चुकीने मेलेला होता.

एक वही मात्र तिघेही विसरले. टाकीत जेवण जातं ते आत-बाहेर दारं असलेल्या एका लहान कप्प्यातून. कप्प्यातला दाब टाकीइतका केल्याशिवाय त्याचं आतलं दार उघडत नाही, म्हणून आचारी प्रत्येक ताटापुढे दाब लिहायचा, म्हणजे पाण्यात किती खोलीवर तेवढा दाब असतो ते. 'मंगळवार दुपार, मासे-बटाटे, एकशे तीस मीटर.' ओड्डवारच्या वहीत मंगळवारी दुपारी नव्वद होते. चौकशी समितीने आचाऱ्याची वही मागवली होती. वर 'जेवण' लिहिलेलं पाहून बाजूला ठेवली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी स्टायनार केक घेऊन स्टावांगरला ओड्डवारच्या घरी आला.

"काय रे म्हाताऱ्या, जिवंत आहेस?"

"आहे बहुतेक."

"या पुस्तकांच्या ढिगात कळायचं कसं! ऐक. महिनाअखेरीला कंपनी जुने कागद नष्ट करतेय. घरच्यांनी मागितले तर तोवर द्यावे लागतात. नऊ दिवस राहिलेत, तेवढे गप्प बस."

"एकोणीस वर्षं बसलोय."

"म्हणून तर तुझ्यावर विश्वास आहे. आणि हे बघ, माझी नुसती सही आहे. अक्षर तुझं आहे. सुंदर आहे, पण तुरुंगात तेच जाईल."

"आचाऱ्याची वहीही जाणार?"

"कसली वही?"

"टाकीत काय जेवण पाठवलं, त्याची."

"कमाल आहे तुझी! माणूस मेला, आणि याला बटाटे आठवतायत. जाणार. सगळंच जाणार."

ओड्डवारने केकचा दुसरा तुकडा घेतला. नको म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

स्टायनार गेल्यावर तो लिहायला बसला. आधी दोन पानं क्षमा मागितली. वाचून पाहिली, तर सगळं स्वतःबद्दलच निघालं. पानं फाडली. आपल्याला लिहिता येत नाही ही त्याची खात्रीच होती. पण तिने तरी कुठे छान लिही म्हटलं होतं?

'बहात्तर तास. आचाऱ्याची जेवणाची वही आणि दाबाची नोंदवही महिनाअखेरीच्या आत कंपनीकडून माग. दोन्हींतला मंगळवार शेजारी ठेव. आचाऱ्याचा खरा आहे. दुसरा मी लिहिला, खोटा. गाउतने काही लपवलं नव्हतं. विचारतील तिथे येऊन सांगेन.'

खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. खिडकीतल्या बाईने पाकीट उलटसुलट करून पत्त्यातलं गाव वाचलं.

"हॉगेसुन. साधं पाठवू?"

"नको. तिच्याच हातात पडलं पाहिजे."

"मग रजिस्टर. उद्या मिळेल."

"उद्या?"

"का, जास्त लवकर होतंय?"

"नाही," ओड्डवार म्हणाला. "पाठवा."

बाईने शिक्का मारला आणि पत्र मागच्या पेटीत टाकलं.