आईच्या मापाची पेटी

आमच्याकडे शवपेट्या बनतात. बाबा गेल्यापासून रंधा मी मारतो, आतलं अस्तर आई शिवते. पेटी कुणाचीही असो, शेवटचा टाका घालताना ती त्या माणसासाठी प्रार्थना करते. मग दोरा तोडते.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने स्वतःचं अस्तर शिवायला घेतलं. मला म्हणाली, "पेटी तूच कर. जिवंतपणी बघू दे."

केली. दुकानात वाळलेलं सागवान तेवढंच उरलं होतं, ते सगळं वापरलं. पॉलिशचे हात किती दिले, विचारू नका. तिच्यासाठी दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

आणि मामा उगवला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा घरातलं विकता येईल ते विकून पळालेला. आजीचं हगणंमुतणं आईने काढलं. हा इतक्या वर्षांनी आला तो लिव्हर सडवून. चर्चच्या पाळकांना बोलावलं, ढसाढसा रडला, प्रभुभोजन घेतलं आणि सकाळी गेला. सुटला!

"त्याला माझ्या पेटीत ठेव," आई खाटेवरून म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? त्याला ओल्या लाकडाची करतो."

"ओल्याचे सांधे उघडतात."

"उघडू देत! तू जन्मभर देवाचं केलंस. त्याने एक दिवस रडून दाखवलं. दोघांना सारखंच?"

"येशूच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळाली, तेव्हा द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेल्यांनीही हेच विचारलं होतं."

"बरोबरच विचारलं होतं."

ती हसली. मग बराच वेळ खोकत राहिली.

"अरे, मी मळ्यात होते. मला काय कमी होतं? दिवसभर कामावाचून नाक्यावर उभा तो होता."

"उभा? पीत बसला होता!"

"बरं, बसला होता. पेटी दे."

अंत्यविधीचं ठरवायला आलेल्या पाळकांकडे बघितलं. म्हटलं हे तरी समजावतील. ते पेटी उचलायला पुढे झाले.

मामा ताडमाड. आईच्या मापाच्या पेटीत मावेना. अंथरूण पाहून पाय पसरणं जिवंतपणी जमलं नाही, मेल्यावर काय जमणार? पायाकडची फळी मी ठोकून काढली, पुढे ओल्या लाकडाचा जोड दिला. एवढी सुंदर पेटी, मीच बिघडवली. अस्तरही कमी पडलं. आईला मागे उशा लावून बसवलं. जोड तिनेच शिवला. शेवटच्या टाक्याला तिचे ओठ हलायला लागले तसा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नवं लाकूड वाळायला महिने लागतात. आईला आठवडाही मिळाला नाही.

तिची पेटी मी ओल्या फळ्यांची केली. दुसरं होतंच काय? अस्तरही मीच शिवलं, वेडंवाकडं. दफनभूमीत पोचेपर्यंत एका कोपऱ्याचा सांधा सुटायला लागला होता. मी तो हाताने दाबून धरला.

परगावाहून आलेली मावशी कानाशी येऊन कुजबुजली, "पेटीवाल्याच्या आईला ही असली पेटी? लाज नाही वाटत?"

"चांगली होती ती मामाला दिली. आईनेच द्यायला लावली."

"त्या दिवट्याला? त्याने असं काय केलं होतं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

पेटी खाली सोडायला दोर आले. मावशी अजून माझ्याकडेच बघत होती.